जबड्याचा सांधा बदलल्यावर तोंड परत आवळतंय, व्यायाम थांबवायचा की जोर लावायचा?

काका, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडते. मुलगी २६ वर्षांची, ७ वर्षांची असताना जिन्यावरून हनुवटीवर पडली, मग उजव्या बाजूचा जबड्याचा सांधा हळूहळू हाडानेच जुळून गेला, डॉक्टर ज्याला अँकिलोसिस म्हणतात ते, आणि तोंड कसंबसं ६ एमएम उघडायचं. ३ आठवड्यांपूर्वी तो सांधा काढून कृत्रिम बसवला. ऑपरेशनच्या टेबलवर ३६ एमएम उघडलं होतं असं सर्जननी सांगितलं आणि आता घरी मोजता तर २१. उघडताना हनुवटी उजवीकडे जाते, उजवी भुवई वर होत नाही, व्यायाम करताना ती रडते, काकू म्हणतायत महिनाभर पोरीला शांत राहू द्या, आणि तुमचे एक नातेवाईक म्हणतायत धरून जोराने उघडा नाहीतर परत बंद होईल. दोघांपैकी कोणाचं ऐकू असं विचारलंय.

दोघांचंही नाही. काकूंची माया कळते मला, पण हा महिना आरामाचा नाहीच, हाच महिना कामाचा आहे. आणि नातेवाईकांची भीती खरी आहे पण उपाय घातक आहे. मी इंदौरमध्ये बरीच वर्षं जबड्याच्या पेशंटांची फिजिओ करते आणि सगळ्यात जास्त नुकसान या दोनच गोष्टींनी झालेलं बघितलंय, एक म्हणजे दुखतंय म्हणून ठेवून दिलं, आणि दुसरं म्हणजे घरच्या कोणीतरी धरून ताणलं.

आधी ३६ चे २१ का झाले ते बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडालीय. टेबलवर ती बेशुद्ध होती, स्नायू पूर्ण ढिले, त्यामुळे तेव्हा जेवढं उघडतं ते सांध्याचं माप असतं. शुद्धीवर आल्यावर सूज आली, दुखणं आलं, आणि दुखतंय म्हणून स्नायू आपोआप आवळून धरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात आकडा पडतोच, जवळजवळ सगळ्यांचा पडतो. शिवाय तिचं तोंड १९ वर्षं उघडलेलंच नाही. चावायचे स्नायू, म्हणजे गालाचा मॅसेटर आणि कानशिलाचा टेंपोरॅलिस, आखूड होऊन बसलेत, आणि हनुवटीखालचे तोंड उघडणारे स्नायू वापरच नसल्याने अगदी कमजोर. सर्जननी हाडाची अडचण काढली, स्नायूंची अडचण अजून तिथेच आहे, ती काढायला फिजिओच लागते. ६ वरून २१ म्हणजे वाईट नाही काका. पण २१ वर थांबणं चालणार नाही, कारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दीड-दोन महिने आतला व्रण पक्का होत जातो आणि पक्का होताना आकसतो. या काळात ज्या लांबीपर्यंत रोज ताण मिळतो तेवढाच तो लांब राहतो, नंतर तेवढीच लांबी मिळवायला चौपट मेहनत लागते.

आता हनुवटी उजवीकडे का जाते. आपला मूळ सांधा दोन कामं करतो. पहिले साधारण २० ते २५ एमएम तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरतो, आणि त्यापुढे जबड्याचं डोकं खाचेतून पुढे घसरतं, म्हणून तोंड ४०-५० एमएमपर्यंत जातं. पुढे घसरवणारा जो स्नायू आहे, लॅटरल टेरिगॉइड, तो त्या डोक्याच्या मानेलाच चिकटलेला असतो आणि सांधा काढताना तो सुटतो. म्हणजे नवीन सांधा फिरतो पण पुढे घसरत नाही. डावीकडचा मूळ सांधा मात्र अजून घसरतो, त्यामुळे डावी बाजू पुढे जाते, उजवी जागेवर राहते आणि हनुवटी उजवीकडे वळते. सांधा बिघडला, स्क्रू हलला असं काही नाही, एका बाजूचा सांधा बदललेल्यांत हे थोडंफार कायमचं राहतं. हाताने ढकलून हनुवटी सरळ करायला जाऊ नका. आरशासमोर बसून, जीभ टाळूला लावून, जेवढं सरळ उघडतं तेवढंच सावकाश उघडायचं, असं दिवसातून काही वेळा करायचं, म्हणजे डाव्या सांध्यावर विनाकारण ओढ येत नाही. तो डावा सांधा आता तिला आयुष्यभर जपायचाय, त्यात कटकट व्हायला लागली किंवा दुखायला लागलं तर लगेच दाखवा, अंगावर काढू नका.

यातूनच टार्गेट किती ठेवायचं ते पण कळतं. सोसायटीतल्या कोणाचं तरी ४५ उघडतं, ते डोक्यातून काढा. अशा केसमध्ये ३० ते ३५ एमएम टिकून मिळाले तर फिजिओ आणि सर्जन दोघंही खूश असतात. तेवढ्यात चमचा जातो, ब्रश मागच्या दाढेपर्यंत जातो, डेंटिस्टला काम करता येतं, आणि पुढे कधी दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला नळी घालता येते. ही शेवटची गोष्ट कोणी सांगत नाही पण फार महत्त्वाची आहे.

व्यायाम. तिच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल, इलॅस्टिक, म्हणजे दातांना अडकवायचे रबर, लावले असतील, तर त्यांचंच ऐका, इलॅस्टिक स्वतःच्या मनाने काढू नका. बाकी मी साधारण असं करून घेते. आधी दहा मिनिटं कोमट ओल्या टॉवेलचा शेक दोन्ही गालांना, हात लावून सहन होईल एवढाच गरम, कारण कानापुढची चामडी सध्या बधिर असेल तर भाजलेलं तिला कळणार नाही. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पडेल अशी वेळ लावा, रडणं यानेच निम्मं कमी होतं, गोळी रात्री झोपताना घ्यायची आणि व्यायाम सकाळी करायचा यात काही अर्थ नाही. मग खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीला, मान सरळ. मान पुढे काढून बसलं की जबड्याची ठेवण बदलते आणि आकडा खरा येत नाही, मोबाईल बघत व्यायाम करणाऱ्या मुलांना मी हेच सांगत असते.

सुरुवात स्वतःच्या ताकदीने. जीभ टाळूला लावून दहा वेळा अर्धं उघडायचं, मग जीभ सोडून पूर्ण उघडून पाच-सहा सेकंद धरायचं, पाच-सहा वेळा. त्यानंतर हाताने ताण, अंगठा वरच्या दातांवर आणि पहिलं बोट खालच्या दातांवर, कात्रीसारखी अढी मारून हळूहळू दाबत न्यायचं, जिथे ओढ लागते तिथे थांबून तीस सेकंद, श्वास चालू ठेवायचा. तीन ते पाच वेळा. शेवटी लाकडी पट्ट्या, घसा बघताना डॉक्टर वापरतात त्या, मेडिकलवर डबा मिळतो. पट्ट्या पुढच्या दातांत घालू नका हो, पुढचे दात एकाच मुळाचे असतात, रोज रोज त्यावर जोर आला की हलायला लागतात, आणि इतकी वर्षं तोंड बंद असल्याने तिचे दात-हिरड्या आधीच नाजूक असणार. बाजूला, उपदाढांच्या जागी घाला, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. आज जेवढ्या पट्ट्या आरामात बसतात तेवढ्या घालून पाच मिनिटं बसायचं, आणि दोन दिवस त्याच आकड्यावर सहज जमलं की मग मधे एक पट्टी सरकवायची. एका पट्टीने साधारण दीड-दोन एमएमचा फरक पडतो, म्हणजे आठवड्याला दोन-तीन पट्ट्या वाढल्या तरी पुष्कळ.

हे सगळं दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. एकदाच बसून तासभर करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण स्नायू दोन-तीन तासांत परत आवळतो, त्याला आवळायला वेळच द्यायचा नाही. बाहेर तोंड उघडायचं तयार मशीन पण मिळतं, त्यावर सात वेळा सात सेकंदाचे सात ताण अशी पद्धत सांगतात, चांगलं आहे पण महाग आहे, आणि पट्ट्यांनी नीट केलं तर बहुतेकांचं काम होतं. ते स्क्रू फिरवून तोंड उघडायचं लोखंडी यंत्र मात्र घरी आणू नका, त्याने किती जोर लागतोय ते कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताण तिच्या स्वतःच्या हाताने. तुम्ही नाही, काकू नाही, ते नातेवाईक तर नाहीच. स्वतःच्या हाताला दुखण्याच्या अलीकडे थांबता येतं, दुसऱ्याच्या हाताला येत नाही, आणि एकदा का कोणीतरी धरून जोर केला की पुढच्या वेळी बोट जवळ आलं तरी तिचे स्नायू आधीच घट्ट होतील. जोर केल्याने आत स्नायू फाटतो, रक्त साठतं, आणि अँकिलोसिसच्या पेशंटमध्ये तसं रक्त साठलेल्या जागी परत हाड धरायची भीती असते, म्हणजे ज्यासाठी एवढं मोठं ऑपरेशन केलं तेच परत. सर्जन बरेचदा नवीन सांध्याभोवती पोटाची चरबी भरतात ती याच कारणाने, तिथे हाड धरू नये म्हणून. तिच्या पोटावर छोटा टाका असेल तर त्याचं कारण हे.

किती दुखलं तर चालतं? दहापैकी तीन-चार, ओढल्यासारखं, आणि अर्ध्या तासात शांत व्हायला हवं. तासभर ठणकत राहिलं, गाल सुजला, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा कमी उघडलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं, दोन पट्ट्या कमी करा, पण बंद नका करू. रडणं बघून एकदम बंद करणारे आईवडील मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांना समजावणं मला पेशंटपेक्षा अवघड जातं. तिला सांगा की रडली तरी चालेल, थांबली तरी चालेल, पण पुढच्या वेळेला परत बसायचं.

मोजायचं दिवसातून एकदाच, संध्याकाळी, व्यायाम झाल्यावर, त्याच दोन दातांच्या मधे, साध्या प्लास्टिकच्या पट्टीने, आणि वहीत लिहायचं. सकाळी आपला जबडा आखडलेलाच असतो, त्यात आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी, सकाळचा आकडा बघून घरभर सुतक करू नका. एखादा दिवस मागे जाईल. आठवड्याची सरासरी वर जातेय ना एवढंच बघा. पण रोज व्यायाम करूनही दोन आठवड्यांत आकडा सारखा उतरत चालला, ताणताना ओढ न लागता एकदम दगडासारखं अडतंय असं वाटलं, तर सर्जनना दाखवा, एक्स-रे किंवा स्कॅन काढून बघावं लागतं की हाड धरतंय का.

क्लिनिकमध्ये मशीनचा शेक घेताना एक गोष्ट तोंडाने सांगा, इथे बऱ्याच ठिकाणी जबडा दुखतो म्हटलं की सवयीने मशीन लावतात. शॉर्टवेव्ह डायाथर्मी या बाजूला अजिबात नाही, आत धातू आहे, तो तापतो. अल्ट्रासाऊंडचा शेकही त्या सांध्यावर नको, वरची वाटी एका घट्ट प्रकारच्या पॉलिथिलीनची असते आणि प्लास्टिकच्या भागावर ते देत नाहीत. हाताने मसाज चालतो. जखम पूर्ण सुकली, खपली गेली की खोबरेल तेलाने व्रणावर रोज पाच मिनिटं गोल गोल फिरवा, चामडी खाली चिकटत नाही.

भुवई वर न होणं. कानापुढून चिरा देताना चेहऱ्याच्या नसेच्या वरच्या फांद्या बाजूला ओढून धराव्या लागतात, त्यांना ताण बसतो. बहुतेकांत काही आठवड्यांपासून तीन-सहा महिन्यांत ताकद परत येते. तुम्ही भुवईचं लिहिलंय पण डोळ्याचं नाही लिहिलं, आज रात्री ती झोपल्यावर बघा, उजवा डोळा पूर्ण मिटतो का. मिटत नसेल तर उद्याच डॉक्टरांना सांगा, दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पापणीवर टेप लागतो, नाहीतर बुबुळ कोरडं पडून इजा होते. आरशासमोर हलक्या हाताने भुवई वर, डोळा मिटणं, नाक फेंदारणं, एवढं करा, जोरात चेहरा वाकडा करायचा नाही. कुठे जाऊन नसेला करंट देऊन घेऊ नका.

खाणं. सहा आठवडे तरी न चावता गिळता येईल असंच, त्यापुढे सर्जन सांगतील तसं हळूहळू वाढवायचं. मऊ भात-तूप-मेतकूट, मुगाची खिचडी, पिठलं, लापशी, नाचणीचं सत्त्व, दही, मिक्सरमधून काढलेलं पनीर, चालत असेल तर अर्धं उकडलेलं अंडं. आपल्याकडचा भुट्ट्याचा कीस तर हिच्यासाठीच केलाय असं समजा, दुधात चांगला शिजवून, मोहरी-मिरची कमी करून. पोहे हवेच असतील तर भरपूर भिजवून दह्यात कालवून, वर शेव आणि जिरावन मसाला नको. सराफ्यात, रात्री खाऊगल्ली होते त्या बाजारात, जायला मनाई नाही, जाऊ दे तिला, रबडी खाऊ दे, गराडू (तळलेला कंद) आणि कचोरी पुढच्या हिवाळ्याला. आणि एक गैरसमज, खूप चावलं की जबडा मोकळा होतो असं लोक सांगतात आणि च्युइंगमही देतात. चावल्याने बंद करणारे स्नायू तगडे होतात, जे आधीच आखूड आहेत, तोंड उघडायला त्याचा उपयोग नाही. सुपारी, गुटखा तर आयुष्यात नाही, जेवणानंतरची गोड सुपारीसुद्धा नाही. सुपारीने गालाची आतली चामडी कडक होऊन चांगल्या माणसांची तोंडं बंद झालेली याच शहरात रोज दिसतात, आणि तिला तर एकदा मिळालेलं तोंड आहे.

दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ. आता तोंडातला इन्फेक्शन साधा राहिला नाही, तो सांध्यापर्यंत गेला तर सांधा काढायची वेळ येऊ शकते. पुढे कधीही दात काढायचा, रूट कॅनॉल करायचं असेल तर डेंटिस्टला आधी सांगा की सांधा बदललाय, अँटिबायोटिक द्यायचं का ते ते सर्जनशी बोलून ठरवतील. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावायची आणि हनुवटी छातीकडे, पहिले काही आठवडे सांधा निसटायची शक्यता असते.

नेटवर वाचून घाबरलायत की असे सांधे झिजतात, हाड खातात. ते बहुतेक जुन्या इम्प्लांटचं वाचलं असेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे इम्प्लांट बसवायचे, ते चावण्याच्या दाबाने झिजून त्याचे कण सुटायचे आणि आसपासचं हाड खराब व्हायचं, १९९० च्या सुमारास तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ते बंद केले. हल्लीचे टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि पॉलिथिलीनचे आहेत, आणि सीटी स्कॅनवरून पेशंटच्या मापाने बनवलेल्या सांध्यांचे वीस-वीस वर्षांचे फॉलोअप चांगले आलेत. तिचं वय २६ आहे, आयुष्यात कधीतरी बदलायला लागू शकतो, हे खरं आहे आणि तिला माहीत असायला हवं, पण आज त्यासाठी जागायचं कारण नाही.

व्यायाम किती दिवस ते विचारलं नाहीत पण सांगते. पाच-सहा वेळा हे पहिले तीन महिने, मग आकडा स्थिर राहिला तर तीन वेळा, आणि अँकिलोसिस होतं म्हणून दिवसातून दोनदा तरी वर्षभर. बरीच मुलं चौथ्या महिन्यात सोडतात, कारण तेव्हा दुखत नाही, सगळं छान वाटतं, आणि सातव्या महिन्यात २५ वर येऊन बसतात. घरापासून लांब पडत असेल तर दर वेळी माझ्याकडेच या असं नाही, शासकीय दंत महाविद्यालयात ओरल सर्जरीचा विभाग आहे, तिथे दर पंधरा दिवसांनी मोजून घेतलं तरी चालेल, फक्त वही सोबत न्या.

ताप, गालावर नव्याने लाली आणि गरमपणा, जखमेतून किंवा कानातून पाणी-पू, दात अचानक वेगळे बसायला लागणं, तोंड उघडं राहून मिटेनासं होणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता त्याच दिवशी सर्जन. कान बंद झाल्यासारखा वाटणं किंवा काही महिन्यांनी जेवताना कानापुढे घाम येणं याला घाबरू नका, पण पुढच्या भेटीत सांगा. आणि हॉस्पिटलने सांध्याचं एक कार्ड दिलं असेल, कंपनी, नंबर, धातू लिहिलेलं, त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये ठेवा, कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे पहिल्यांदा तेच मागतात. दिलं नसेल तर टाक्यांच्या तपासणीला जाल तेव्हा मागून घ्या.